शिंगावरच्या मुंग्या

१

गुरुदास पडला त्या क्षणी माझ्या नाकासमोर छत्री होती. नवीकोरी, काळी, आणि आमच्या शर्यत मंडळाचे अध्यक्ष रामचंद्रभाऊ यांच्या हातातली. ऊन लागतं म्हणून त्यांनी ती नेमकी तेव्हाच उघडली. मला ऐकू आला तो फक्त लोखंड घासल्याचा आवाज आणि गर्दीची आरोळी. मी छत्री बाजूला ढकलेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

आणि मी शेवटच्या रेषेवरची पंच! कट्टा गावाहून मालवण बंदरापर्यंतच्या या सायकल शर्यतीत दर वर्षी ती खुर्ची मलाच मिळते. मला सायकल येत नाही. पण अर्ध्या मालवणाला मी बाराखडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला छडी दिली. त्यामुळे यशोदाबाईंनी निकाल सांगितला की कोणी तोंड वर करत नाही.

गुरुदास तांबड्या धुळीत उजव्या कुशीवर पडला होता, खांदा भलत्याच जागी गेलेला. त्याच्या बरोबरीने येणारा सत्यवान रेषेच्या अलीकडेच सायकल टाकून त्याला उचलायला धावला होता. तेवढ्यात मागून बाबली आला, दोघांना वळसा घालून रेषेपार गेला, पहिला ठरला आणि विजेत्याची ढाल त्याला मिळाली. ते त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"सत्यान कोपर मारल्यान!" रामचंद्रभाऊ छत्री मिटत ओरडले. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

झालं! गर्दीला तेवढंच हवं होतं. चौघांनी सत्यवानाला धरलं, दोघांनी हात धुऊन घेतले. त्याच्या पांढऱ्या बनियनवर डाव्या कुशीला बोटांचे काळेभोर फराटे उठले होते. ते बघून भाऊंना आणखीच चेव आला. "हो बघा पुरावो! पडताना गुरुदासान तेका धरूक बघल्यान!"

ही एरवीची मारामारी असती तर मी दोघांचे कान पिळून घरी गेले असते. पण अठ्ठावन्न सालची ती शर्यत वेगळी होती. मुंबईतल्या एका गिरणीने पगारी सायकलस्वारांचा संघ काढला होता. त्यांचा माणूस मुद्दाम शर्यत बघायला आला होता आणि सोमवारच्या बोटीने एकाला बरोबर नेणार होता, गुरुदासला नाहीतर सत्यवानाला. गुरुदासचा तर खांदाच मोडला. आता सत्यवानावर बंदी आली की त्याचंही नशीब तिथेच संपलं.

"बाई, दुसऱ्याला पाडणारा गडी आम्हाला नको," तो माणूस मला म्हणाला. "तुमचा निकाल काय तो उद्या दुपारी सांगा."

भाऊंनी कागद तयारच ठेवला होता. धोकादायक सायकल चालवून प्रतिस्पर्ध्यास पाडल्याबद्दल जन्माची बंदी. खाली माझ्या सहीला जागा.

"जे मी बघितलं नाही त्यावर मी सही करत नाही," मी म्हटलं.

"अहो, सगळ्यांनी बघितलं!"

"सगळ्यांनी म्हणजे कोणी?" मी विचारलं. आणि कागद घडी घालून स्वतःजवळ ठेवला.

२

दवाखान्यात गुरुदास भिंतीकडे तोंड करून पडला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, आणि त्या हाताची मूठ घट्ट मिटलेली.

"काय झालं रे?"

"सत्यान धक्को दिल्यान."

"कशाने?"

"कोपरान."

"कुठे?"

"हय... बगलेत."

मी या मुलाला चार वर्षं शिकवलंय. खोटं बोलताना तो भिंतीशीच बोलायचा. "मूठ उघड बघू."

"दुखता, बाईनु."

"खांदा मोडलाय तुझा. बोटं नाही मोडली."

पण त्याने मूठ उघडली नाही. तेवढ्यात त्याची आई जानकी वाऱ्यासारखी आत आली. जानकी बाजारात मासे विकते. तिचा आवाज बंदरापासून थेट भरडाच्या नाक्यापर्यंत पोचतो. "बाईनु, सही कित्याक करूक नाय तुम्ही? माझ्या झिलाचो हात मोडल्यान मेल्यान! जन्माची बंदी घाला तेका! मुंबई नको, काय नको, हयच सडांदे!"

बोलता बोलता ती रडायला लागली. गुरुदासने डोळे मिटून घेतले, आणि मूठ चादरीखाली लपवली.

रविवारी सकाळी मी सत्यवानाच्या अंगणात होते. त्याचा ओठ सुजला होता. त्याची आई तुळसा दारात बसली होती, समोर फुटलेला चहाचा कप तसाच पडलेला.

"जानकी हय येवन थुकली," तुळसा म्हणाली. "इतकी वर्सां बाजारात शेजारी बसतंव आमी. माझी टोपली ती राखता, तिची मी."

"सत्या, खरं सांग," मी म्हटलं. "कोपर मारलंस?"

"मी तेका हात लावूक नाय, बाईनु. तो माझ्या डावीकडे होतो. तेचोच हात फटकन माझ्या कुशीत इलो. मी बाजूक झालंय म्हणान वाचलंय."

"त्याने तुला कशाला मारावं?"

"ताच माका कळणा नाय."

"मग थांबलास का? रेषा तर समोर होती."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. "तो पडलो मां, बाईनु."

मी बनियन मागून घेतलं. फराटे चार बोटांचेच होते, त्यात शंका नाही. पण शर्यतीतल्या माणसाचा हात इतका काळा कशाने होईल? चेन निसटली असती तर त्याने उतरून ती बसवली असती, आणि शर्यतीत गुरुदास एकदाही उतरला नव्हता. म्हणजे ते काळं सायकलीच्या हँडलवरच असणार. आणि हँडलवर कोणी निसरडं काही फासलं असेल, तर ते चांगल्या हेतूने फासलेलं नसणार.

आता मला राग आला. कोपर मारणारा निदान समोरून तरी मारतो.

३

असं काही करायचं तर सायकल हाताशी हवी. दोघांच्याही सायकली शर्यतीआधी बाबूच्या दुकानात होत्या. बाबू सायकलवाला, आणि शर्यत जिंकलेला बाबली हा त्याचा सख्खा भाचा. मी दुकानात शिरले तेव्हा मामा-भाचे दोघेही हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मला बघून गप्प झाले.

"इलास?" बाबू म्हणाला. "येतलास ता म्हायती होता. बाबली माझो भाचो, म्हणान संशय माझ्यार."

"मी काही म्हटलं का?"

"लोक म्हणतत मां!" त्याने वंगणाचा डबा माझ्यासमोर आपटला. "ह्या बघा, माझा वंगण पिवळा. आणि बघा काय बघूचा ता."

गुरुदासची सायकल शर्यतीनंतर परत इथेच आणून आतल्या खुंटीला टांगली होती. शर्यतीच्या सायकलीचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं असतं, म्हणून आमच्याकडे त्याला शिंगंच म्हणतात. ही शिंगं गोव्याच्या हद्दीपलीकडून आली होती. कशी ते बाबूला विचारायचं नसतं. वरच्या आडव्या दांड्याला चिंधी गुंडाळली होती. खालची शिंगं उघडी.

आणि भिंतीवरून मुंग्यांची एक रांग चढत होती. खुंटीवरून सायकलीवर, आणि तिथून थेट उजव्या शिंगाच्या खालच्या अंगाला.

"चाय सांडली आसतली," बाबू म्हणाला.

मी दुकानभर नजर फिरवली. रॉकेल, वंगण, तेलाचे बोळे, सगळीकडे चिकटच चिकट, पण दुसरीकडे एकही मुंगी नाही. डावं शिंग स्वच्छ. मी उजव्या शिंगाखालून बोट फिरवलं. ते काळं झालं, मऊ आणि ओशट. वास घेतला. वास ओळखीचा होता, अगदी घरातला, पण कसला ते काही केल्या आठवेना. एवढं मात्र नक्की, की वंगणाला मुंग्या लागत नाहीत.

"बाबली, तू दोघांच्या मागे होतास. काय बघितलंस?"

बाबलीने मामाकडे बघितलं. मी छडी विसरले होते, पण आवाज विसरले नव्हते. "मामाकडे काय बघतोस? मला सांग!"

"गुरुदास वाकलो," तो चाचरत म्हणाला. "वरसून हात काढून शिंगांक धरल्यान. दोन जोर मारल्यान, आणि तेचो उजवो हात एकदम सुटलो. मागे गेलो तो सत्याक लागलो."

"सत्याने कोपर मारलं?"

"नाय."

"मेल्या, मग कालपासून तोंडात काय धरलंयस?"

"माका वाटला, ढाल परत घेतीत." त्याचे डोळे भरले. "माका कधी काय गावूक नाय, बाईनु. आणि कोणी इचारल्यानी पण नाय."

तर असं होतं. कट्ट्यापासून सबंध रस्ता गुरुदास वरचा दांडा धरून आला. शिंगाला हात गेला तो थेट शेवटच्या धावेत, जीव खाऊन हँडल ओढायच्या वेळी. पण बाबलीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? त्याचीच ढाल, आणि त्याच्याच मामाचं दुकान.

"गुरुदासने सायकल इथून कधी नेली?" मी बाबूला विचारलं.

"शुक्रवारी सांजेक. तेव्हा मी सगळी पुसून दिलंय." बाबूने डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता पुढचं बोलला. "आणि शुक्रवारी तेच्याकडे जेवूक कोण गेल्लो म्हायती आसा? सत्यवान."

४

कोपर न मारणारा सत्यवान, आणि आदल्या दिवशी मित्राच्या घरी जेवून त्याच्या सायकलीला हे फासणारा सत्यवान? तो थांबला ते मैत्रीने, की भीतीने? त्या सुजलेल्या ओठावर मी उगाच तर विरघळले नाही ना?

तशीच जानकीच्या घरी गेले. गुरुदासला घरी आणून ओटीवर निजवलं होतं. त्याची बहीण सुभद्रा बाळंतपणाला आलेली, तिच्या मांडीवर पोर. जानकी मला बघताच सुरू झाली. "सही केलास?"

"आधी मला सांग, शुक्रवारी सत्यवान इथे जेवला?"

"जेवलो. माझ्या हातची बांगड्याची कढी खाल्ल्यान, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच झिलाक..."

"तेव्हा सायकल कुठे होती?"

"आत, देवाकडे. थंय मी कोणाक सोडूक नाय. आख्खो गाव येवन बघी होतो. कोणाची नजर कशी, काय सांगूचा?"

"सत्यवान आत गेला होता?"

"नाय म्हणतंय मां! तेका काय, गुरुदासाक पण सोडूक नाय. सकाळी मीच भायर काढून दिलंय."

ओटीवर गुरुदास हलला.

सुभद्रा मध्येच हसली. "दादान आवशीक बजावल्यान होता, सायकलीक लिंबू-मिरची बांधलंस तर सायकल हयच टाकून जातलंय म्हणान. म्हणान ती राखण करी होती."

तेवढ्यात पोर रडायला लागलं. त्याच्या गालावर हा एवढा मोठा तीट होता. मी त्याला उचलून घेतलं, मान फिरवली, तर कानामागे दुसरा.

"हा कशाला गं इथे? दिसत तर नाही."

"अगो बाईनु, इतकी शिकलास आणि ह्या म्हायती नाय?" जानकीला त्या परिस्थितीतही माझी कीव आली. "गालार लावतत ता लोकांसाठी. दृष्ट खरी अडता ती लपवलेल्या तीटान."

पोराच्या कानाशी माझं नाक होतं. समईवर धरलेलं काजळ, घरच्या तुपात कालवलेलं. बाबूच्या दुकानातला वास तोच होता. तूप! मुंग्या उगाच चढत नव्हत्या.

मी पोर सुभद्राकडे दिलं. मुलगा ओरडेल म्हणून जानकीने दिसणार नाही अशा जागी तीट लावला होता, शिंगाच्या खालच्या अंगाला, कानामागे लावतात तसा. आणि मुलाची बोटं शेवटच्या धावेत नेमकी तिथेच वळली होती.

जानकी पाणी आणायला विहिरीवर गेली, सुभद्रा पोराला घेऊन आत. मी गुरुदासच्या उशाशी बसले.

"आता तरी मूठ उघड."

त्याने उघडली. धूळ आणि रक्त पुसलेलं होतं, पण बोटांच्या पेरांत काळं तसंच होतं.

"पडल्यार हात बघलंय तेव्हाच कळला," तो म्हणाला. "लहानपणापासून तो वास कानामागे घेवन हिंडलंय मी, बाईनु."

"आणि सत्याचं नाव घेतलंस?"

"भाऊंनी पयलाच सांगल्यानी, सत्यान मारल्यान म्हणान. मी नुसता व्हय म्हटलंय. आवशीक कळला तर ती जीव देईत. सत्यो काय, फुडल्या वर्सा जायत मुंबईक."

"जन्माच्या बंदीत पुढचं वर्ष नसतं रे, गाढवा!" माझा आवाज चढला. "तुझी आई ती आई, आणि तुळसा कोण? काल तिच्या दारात तुझी आई थुकली. तुझ्या त्या एका होकारापायी!"

तो रडला. मीही पदर डोळ्यांना लावला, खोटं कशाला बोलू? शेवटी मी म्हटलं, "काजळाचं नाव मी घेणार नाही. हात घामाने सुटला म्हणेन. पण सत्याने पाडलं नाही, हे तुला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल."

त्याने मान डोलावली. विहिरीवरून जानकी येताना दिसली, कमरेवर कळशी आणि तोंडात सत्यवानाच्या नावाने शिव्या.

५

दुपारी देवळाच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीचा माणूस पुढे बसला होता. सत्यवान खांबाला टेकून उभा, तुळसा त्याच्या मागे. गुरुदासला खुर्चीवर बसवून आणलं होतं आणि जानकी त्याला वारा घालत होती. मी बनियन पंचांच्या मेजावर पसरून ठेवलं.

"भाऊ," मी सुरुवात केली, "तुम्ही सत्यवानाचं कोपर बघितलंत?"

"स्वच्छ बघितलं."

"छत्री उघडत होतात तेव्हा, की उघडून झाल्यावर?"

लोक हसले. "तुमच्या छत्रीमुळे मागच्या मला काही दिसलं नाही. मग छत्रीच्या काड्यांत डोकं घालून बसलेल्या तुम्हाला काय दिसलं?"

भाऊंनी घसा खाकरला. "आवाज ऐकून मान वर केली. हात लागलेलो बघितलंय. कोणाचो..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"हात गुरुदासचा होता. तो हँडलवरून सुटला आणि सत्यवानाला लागला. बाबलीने मागून बघितलंय. आणि जिंकायला पाडणारा माणूस रेषेच्या अलीकडे थांबत नाही. हात घामाने सुटला. संपला विषय."

"घाम काळा नसतो, बाई," गिरणीचा माणूस शांतपणे म्हणाला आणि बनियनकडे बोट दाखवलं.

मंडपात एकदम कुजबुज उठली. मला वाटलं होतं, दोष नाही म्हटल्यावर लोक सुटकेचा श्वास टाकतील. कसलं काय! लोकांना दोष हवाच होता, फक्त तो ठेवायला दुसरं डोकं हवं होतं.

"वंगण!" कोणीतरी ओरडलं. "बाबून लावल्यान! भाच्याक जिंकवूक!"

दोघे उठून बाबूच्या गळ्याशी गेले. बाबली मध्ये पडला, त्यालाही एक बसली. "थांबा!" मी ओरडले, पण या वेळी कोणी ऐकेना. गुरुदासचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं.

जानकीही बाबूला चार शब्द सुनवायला तावातावाने पुढे आली. मेजापाशी आली आणि थांबली. त्या फराट्यांकडे बघत राहिली. मग तिने बनियन उचललं आणि नाकाशी नेलं.

मी तिचा हात धरला. "जानकी, राहू दे ते."

तिने माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. गुरुदासने मान खाली घातली, आणि तिला सगळं कळलं.

"बाबूक सोडा," ती म्हणाली. त्या बाईचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरी तो सगळ्यांना ऐकू गेला. "ह्या वंगण न्हय. ह्या माझा काजळ."

"आये, गप रव!" गुरुदास ओरडला.

"कित्याक गप रवू? मी लावलंय. उजव्या शिंगाक, खालसून, कोणाक दिसाचा नाय असा. माझ्या झिलाक मीच पाडलंय." ती तुळसाकडे वळली, पण तिच्यापर्यंत जायचं धैर्य तिला झालं नाही. "बाईनु, सही करा. बंदी माका घाला."

गुरुदास खुर्चीवरून उठला, खांद्याला धरत. "सत्यान माका हात लावूक नाय. माका कालच म्हायती होता. आवशीक कळाचा नाय म्हणान मी खोटा बोललंय."

"तर मग ह्याक काय शिक्षा?" भाऊंनी विचारलं. त्यांना कोणाला तरी शिक्षा हवीच होती.

"खांदो मोडलो मां तेचो," सत्यवान म्हणाला. "आणि काय व्हया?"

मी तो बंदीचा कागद भाऊंच्या डोळ्यांदेखत फाडला. गिरणीचा माणूस उठला आणि सत्यवानाला म्हणाला, "सकाळी बंदरावर ये. तिकीट मी काढतो."

सोमवारी बोट बंदराबाहेर उभी होती आणि उतारू होडीत चढत होते. सत्यवानाची सायकल आधीच होडीत गेली होती. तुळसा त्याला पुन्हा पुन्हा तेच तेच बजावत होती. जानकी लांब, जाळ्यांच्या ढिगाआड उभी होती. पदराखाली काहीतरी धरलेलं, पुढे यायचं नाव नाही.

सत्यवानानेच तिला बघितलं. तो वाळूतून चालत गेला, तिच्यासमोर वाकला आणि बोटाने स्वतःचा कान पुढे ओढून धरला.

"लाव गो काकी. पण सायकलीक नको हां."

जानकी हसली आणि त्याच दमात हुंदका आला. तिने पदराखालची काजळाची डबी उघडली, बोट बुडवलं, पण कानापाशी नेलेलं बोट तिने मागे घेतलं. तेव्हा तुळसा पुढे झाली, तिने जानकीचं मनगट धरलं, आणि दोघींनी मिळून त्याच्या कानामागे तीट लावला.

"ते बोट आता नीट पूस," मी जानकीला म्हटलं. होडीवाला कधीचा हाका मारत होता.